सगळ्या खुणा हिरव्या

मी शिकवण्या घेते. माझ्या हाताखालून गेलेलं मूल नापास होत नाही, हे मी कोणी न विचारताही सांगते. माझी स्वतःची लेक मात्र पाच वर्षांची झाली तरी ‘कात्री’ला ‘तात्ली’ म्हणायची. पाहुण्यांपुढे तिनं तोंड उघडलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उच्चार तपासणाऱ्या मॅडमकडे पहिल्यांदा नेलं, तेव्हा ती रडली आणि तपासणी अर्धवट राहिली. तेवढ्यात कॉम्प्युटरवरची चित्रं मी बघून घेतली होती: कात्री, गाडी, रुमाल, टोपी. घरी आल्यावर घोकंपट्टी सुरू. आरशापुढे उभं करून, कधी चॉकलेट, कधी धपाटा.

नवरा म्हणाला, "अगं, तपासणी आहे, परीक्षा नाही."

त्याला काय कळतंय, तो कायम काठावर पास झालेला.

आज चित्रं पुन्हा समोर आली. लेक जपून, एकेक अक्षर तोलत बोलली. प्रत्येक शब्दापुढे हिरवी खूण. मॅडम खूश झाल्या.

"उच्चार वयाप्रमाणे छान आहेत. उपचारांची गरज दिसत नाही. उपचारांसाठी राखलेली हिची जागा मी दुसऱ्या मुलाला देते."

मी गड जिंकल्यासारखी बाहेर पडले. जिन्यात लेकीनं माझा हात ओढला.

"आई, झालं ना? आता नाही बोललं तली चालेल?"

मी तिथेच पायरीवर बसले. पोरीच्या तोंडचा घास मीच काढून घेतला होता, तोही पैकीच्या पैकी गुण मिळवून.

परत वर गेले. बाहेर बसलेल्या आयांसमोरच मॅडमना सांगितलं, "मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं." कोणीतरी हसलं. मला मान वर करवेना.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आम्हाला आत बसवलं, चित्रं बंद केली आणि कॉम्प्युटरचा माइक तिच्यापुढे सरकवला.

"घरी पाहुणे आले की काय करतेस, सांग बरं."

लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"बोल," मी म्हणाले. "चुकलं तर चुकू दे."

"पाहुणे आले ती मी दप्प बसते," ती म्हणाली. "आईला लाज वातते."

मॅडम ऐकून चुकलेल्या एकेका शब्दापुढे लाल खुणा करत गेल्या. जन्मभर मुलांच्या चुका काढत आलेली मी. तिच्या त्या बोलण्यात मला एकही सापडली नाही.