मागच्या फ्रिजमध्ये फळ ठेवायचं नाही

चष्मेकाकांच्या घरी दोन फ्रिज होते. स्वयंपाकघरातला माणसांचा आणि मागच्या खोलीतला काड्यांचा. नवा पाहुणा पाण्याची बाटली शोधत चुकून मागचा फ्रिज उघडायचा आणि दार धरून तसाच उभा राहायचा. आत दूध नाही, भाजी नाही. नुसत्या ओल्या कागदात गुंडाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांच्या जुड्या. "सरपण आहे हो ते," काकू आतून ओरडून सांगायच्या, "आमच्याकडे सरपणसुद्धा थंडगार मिळतं."

काकांचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव सगळा फळझाडांत. हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना त्याची त्या वर्षीची नवी काडी कापायची, ओल्या कागदात थंड जागी ठेवायची, आणि थंडी सरत आली की दुसऱ्या रोपाच्या खुंटावर तिचं कलम बांधायचं, एवढाच तो उद्योग. असली खुळी माणसं गावात बरीच होती. थंडीच्या शेवटी एका रविवारी ती शाळेच्या हॉलमध्ये जमायची. तुझ्या दोन काड्या मला, माझ्या दोन तुला. पैशाचं नाव काढायचं नाही. काका तिथे सकाळी एक पिशवी घेऊन जायचे आणि संध्याकाळी दोन घेऊन यायचे, आणि मधल्या वेळात नवशिक्यांना शिकवून घसा बसवून घ्यायचे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय!

घरात या फ्रिजचा एकच कायदा होता. त्यात फळ ठेवायचं नाही. लग्नानंतर काकूंनी एकदा द्राक्षं ठेवली होती. दुकानात गिऱ्हाइकाशी कुजबुजल्यासारखा बोलणारा हा माणूस तेव्हा असा ओरडला, की शेजारीण भिंतीपलीकडून "काय झालं हो?" म्हणाली. का ठेवायचं नाही, ते काकांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. काड्यांना वास लागत असेल, नाहीतर जागा अडत असेल. आणि एवढ्याशा गोष्टीवरून ओरडणाऱ्या माणसाला कारण कोण विचारतं? पुढे दर वर्षा-दोन वर्षांनी काकू मुद्दामच एखादं संत्रं आत सरकवून ठेवायच्या. तासाभरात मागच्या खोलीतून आरोळी आलीच म्हणून समजा. "कितीदा सांगितलं!" की काकू चहाचं आधण ठेवत गालातल्या गालात हसायच्या. कुठल्या घरात नवरा-बायको गाणी म्हणतात, कुठल्या घरात पत्ते खेळतात. यांचं हे होतं.

तर एक नासपतीचं झाड होतं. बंद पडलेल्या दवाखान्याच्या आवारात, कुणी तरी खाऊन फेकलेल्या बीतून आपसूक उगवलेलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकू नवऱ्याचा डबा घेऊन दुकानाकडे निघाल्या असताना भिंतीवरून हात घालून त्यांनी त्याचं एक फळ तोडलं. दात लावला तर दगड. टाकवेना म्हणून घरी आणून तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि विसरून गेल्या. पुढे तांदूळ काढायला डबा उघडला तर स्वयंपाकघरभर वास, आणि चिरताना रस कोपरापर्यंत ओघळला. असं फळ काकूंनी त्यापूर्वी खाल्लं नव्हतं आणि नंतरही दुसऱ्या झाडाचं कधी खाल्लं नाही. तेव्हापासून दर वर्षी काका दुकानातून येताना कोटाच्या दोन्ही खिशांत ती फळं भरून आणायचे. खिसे फाटले, पण पिशवी न्यायची अक्कल काही आली नाही.

जगाला काड्या वाटणाऱ्या काकांनी या झाडाची काडी मात्र कुणाला दिली नाही. शेजारच्या दुकानातले घड्याळजी, काकांचे जुने दोस्त आणि याच खुळातले, मागून मागून थकले.

"ते हिचं झाड आहे," काका म्हणायचे.

"अरे, मग निदान घरी तरी एक कलम बांध."

"बांधू की. झाड कुठे पळून जातंय?"

झाड पळून गेलं नाही, विकलं गेलं. त्या हिवाळ्यात दवाखान्याची जागा कुणी तरी घेतली. तिथे गाड्या उभ्या करायचा तळ होणार होता. काकांना कळलं त्याच दिवशी ते शिडी घेऊन गेले. झोंबरा वारा, वरून बर्फासारखा पाऊस. म्हातारं झाड, नव्या काड्या सगळ्या शेंड्याला. अंधार पडता पडता घरी आले तेव्हा दात वाजत होते, आणि कोटाच्या आत छातीशी धरलेली जुडी तेवढी कोरडी होती. आधी तिला ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली, मग कपडे बदलले. काकू चिडून म्हणाल्या, "त्या सरपणाची जेवढी काळजी, त्याच्या निम्मी स्वतःची करा." रात्रीतून ताप चढला. तो छातीत उतरला आणि मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथे भेटायला येणारा प्रत्येक जण पेशंटसाठी सफरचंदं आणायचा. काकांच्या नाकाला नळी, आणि उशाशी सफरचंदांची रास. काकूंना ते बघून हसू यायचं आणि रडूही.

एका दुपारी काकांनी नळी बाजूला करून त्यांचा हात धरला. "हंगाम आला की त्या काड्या घड्याळजीकडे दे. सगळ्यांना वाटायला सांग. मी एकाच जागी ठेवलं, चुकलंच माझं."

"तुम्हीच वाटा बरे होऊन."

"नाव विचारतील. तुझं नाव सांग."

"काहीतरीच तुमचं," काकू म्हणाल्या. झाड मुळासकट उपटून नेल्याचं त्यांना दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. ते त्यांनी काकांना कळू दिलं नाही, आणि मग सांगायला काका राहिले नाहीत.

दूरच्या गावाहून लेक आली, थोडे दिवस राहिली, आणि डोळे पुसत परत गेली. शेजाऱ्यांनी जेवण पाठवून पाठवून स्वयंपाकघरातला फ्रिज गच्च भरला होता. ओट्यावर दवाखान्यातून परत आलेली सफरचंदांची पिशवी तशीच पडलेली. काकू ती उचलून मागच्या खोलीत गेल्या.

जागा नव्हती म्हणून गेल्या, असं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ती आरोळी ऐकायची होती. एवढी वर्षं एका संत्र्यासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस, पिशवीभर सफरचंदं ठेवल्यावर गप्प बसेल? काकूंनी फ्रिज उघडला. नासपतीची जुडी मधल्या फळीवर होती. तिच्या शेजारी त्यांनी एकेक सफरचंद मांडलं, सावकाश, मुद्दाम आवाज करत. मग दार उघडंच ठेवून वाट पाहत उभ्या राहिल्या. फ्रिजच्या मोटरची घरघर तेवढी ऐकू आली. ते गेले त्या दिवसापासून काकू लोकांसमोर रडल्या होत्या, पण काका आता नाहीत हे त्यांच्या काळजाला त्या खोलीत कळलं. तिथेच खाली बसून त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडून घेतलं.

सफरचंदं तिथेच राहिली. रोज दुपारी काकू मागच्या खोलीत जायच्या, एक थंडगार सफरचंद घ्यायच्या आणि खुर्चीवर बसून खायच्या. "ओरडा ना," म्हणायच्या, "ओरडा की." मग जुडीचा कागद सुकला असेल तर त्यावर पाणी शिंपडायच्या. काड्यांना त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपलं. नवरा त्या काड्यांपायी गेला होता. त्या गेल्या तर मागे काय राहणार होतं?

हंगाम आला तेव्हा काकू जन्मात पहिल्यांदा त्या शाळेच्या हॉलमध्ये गेल्या. त्या आत शिरताच सगळे उठून उभे राहिले. घड्याळजींनी जुडी सोडली, एका काडीची साल नखाने खरवडली. आत हिरवं दिसलं. "जिवंत आहे," ते म्हणाले आणि काडी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. एकेकाच्या हातात एकेक काडी गेली. ग्रंथालयातल्या बाईंनी ती पर्समध्ये न ठेवता पूर्ण वेळ हातात धरली. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "काकांनी मला कलम बांधायला शिकवलं. ही नाही लागली तर तोंड दाखवणार नाही." कुणी तरी जातीचं नाव विचारलं. काकू लाजल्या, "नासपती म्हणा नुसती" म्हणाल्या, आणि घड्याळजींनी सगळ्यांच्या वतीने 'काकूंची नासपती' असं ठरवून टाकलं. घरी येताना काकूंना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

मग त्या वाट पाहू लागल्या. थंडी गेली, रस्त्यातल्या झाडांना पालवी आली. एरवी आठवड्यातून दोनदा डोकावणारे घड्याळजी फिरकेनात. एकदा बाजारात दिसले, तर "यंदा थंडी फार लांबली बघा, वहिनी" म्हणून सटकले. ड्रायव्हरही त्यांना बघून कोपऱ्यावरून वळला की काय, असं वाटलं. माणसं ताकास तूर लागू देत नाहीत तेव्हा काय समजायचं ते काकूंना समजत होतं, पण आशा फार चिवट असते. शेवटी त्या स्वतःच उठून घड्याळजींच्या घरी गेल्या.

घड्याळजींच्या अंगणात भिंतीला लागून कुंड्यांची रांग होती. प्रत्येक खुंटावर पट्टीने बांधलेली काडी, आणि प्रत्येक काडीला कोवळी, चकचकीत पानं. एक सोडून. त्या एकीच्या खुंटाला खालून फुटवे येत होते आणि वरची काडी काळपट, सुरकुतलेली उभी होती. कुंडीवरची नावाची चिठ्ठी वाचायची गरज नव्हती.

"हात थरथरतो हल्ली माझा," घड्याळजी घाईने म्हणाले. "काप सरळ बसला नाही. माझ्याकडून चुकलं, वहिनी."

"बाकीच्या सगळ्या बसल्या की, भावोजी."

घड्याळजी वाकून दुसऱ्याच कुंडीतलं गवत उपटू लागले.

"ग्रंथालयातल्या बाईंची?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ड्रायव्हरची? कुणाचीच नाही?"

"कुणाचीच नाही." घड्याळजींनी खुर्ची पुढे केली, पण काकू बसल्या नाहीत. "वहिनी, विचारू नये, पण राहवत नाही म्हणून विचारतो. मध्ये फ्रिज बंद पडला होता का? वीज गेली होती?"

"नाही."

"मग कोडंच आहे. फळं तर तुम्ही त्यात ठेवणार नाही."

"फळांनी काय होतं?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे, पहिला धडाच तो! पिकतं फळ श्वास सोडतं. आपण पिकायला घातलेल्या फळांत एक पिकलेलं ठेवलं की बाकीची भराभर पिकतात, तो त्या श्वासाचाच गुण. बंद फ्रिजमध्ये तो कोंडला की काडीवरचे कोंब आतल्या आत मरतात. साल खरवडली तरी काडी हिरवीच दिसते, कळतसुद्धा नाही. सफरचंद तर सगळ्यात वाईट." बोलता बोलता घड्याळजींचं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ते थांबले.

"मी ठेवली," काकू म्हणाल्या. "दवाखान्यातली सफरचंदं. पिशवीभर. ह्यांनी ओरडावं म्हणून ठेवली."

घड्याळजींनी खुर्ची आणखी जवळ ओढली. खोटं बोलून झालं होतं, आणि ते पचलं नव्हतं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "तो बोलला नाही तुम्हाला कधी?"

"तुम्हाला बोलले?"

"मला काय, सगळ्यांनाच. दर वर्षी हॉलमध्ये नवीन कोण आलं की आधी हेच. अर्धा अर्धा तास समजावून सांगायचा. आम्ही कंटाळायचो."

काकूंना नवऱ्याचा इतका राग त्यापूर्वी कधी आला नव्हता. परक्या माणसांना अर्धा तास, आणि घरात नुसती आरोळी. आणि स्वतःचा त्याहून जास्त आला, कारण चहाचं आधण ठेवताना मागे वळून एकदा "का हो?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण त्या भांडणाची गोडीच अशी होती, की ते मिटावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

"या खुंटाचं आता काय करता तुम्ही लोक?" त्यांनी विचारलं.

"मेलेली काडी काढून दुसरी बांधतो. अजून उशीर झालेला नाही, पण मी..." घड्याळजी अडखळले. "माझ्याने काढवली नाही."

काकू वाकल्या. त्यांनी बांधलेली पट्टी सोडली, एका हाताने खुंट धरला, दुसऱ्या हाताने काडी, आणि दात आवळून जोर लावला. जोर लागलाच नाही. काडी नुसती अलगद हातात आली. ती कुठे जुळलीच नव्हती. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याने शिडीवर चढून कापलेल्या काडीचं ते टोक, अजून तिरपं आणि गुळगुळीत.

"द्या ती इकडे," घड्याळजी हळूच म्हणाले.

"असू दे माझ्याकडे." काकूंनी ती मुठीत घट्ट धरली आणि आता कुठे खुर्चीत टेकल्या. "दुसरी बांधा. माझ्यासमोर बांधा. आणि काय करता ते नुसतं दाखवू नका, का करता तेपण सांगा."

घड्याळजींनी सुरी आणली, दुसऱ्या झाडाची काडी आणली. खुंटाला चीर पाडली, काडीला पाचरीसारखी धार केली. हिरवी साल हिरव्या सालीला भिडली पाहिजे, ते म्हणाले, कारण जीव सालीच्या आतल्या पातळ थरात असतो, मधलं लाकूड नुसतं आधाराला. पट्टी घट्ट हवी, कारण मध्ये हवा शिरली तर दोन्ही सुकतात. काडीवर कोंब दोन-तीनच ठेवायचे, कारण जोडाला जास्तीचा भार पोसवत नाही. एकेक गोष्ट सांगून ते काकूंकडे बघायचे, आणि काकू डोळे पुसत "हं, पुढे" म्हणायच्या.

कळायला काहीच अवघड नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं असतं, तरी त्यांना कळलं असतं.