दोनशे चौदा ओळी आणि बाळाचे दात

मी एक जुना प्रोग्राम आहे. उणीपुरी अकरा वर्षे वय आणि दोनशे चौदा ओळींची काया. मित्रांनो, एवढ्यावरून नाक मुरडू नका. तारखा मोजण्यात माझा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही.

माझी आई वाचनालयात काम करते. पुस्तक परत करायची तारीख सुट्टीच्या दिवशी येऊ नये, म्हणून तिने मला लिहिले. मांडीवर तान्हे बाळ आणि टायपिंगला एकच हात! काम अर्धवट सोडून उठावे लागले की ती माझ्याच पोटात टीप लिहून ठेवी. संगणक टिपा वाचत नाही, त्या माणसांसाठीच असतात. ओळ एकशे सातवर अजून आहे : 'फेब्रुवारी उद्या तपासणे. बाळाला दात येताहेत.'

मी तयार झालो, तेव्हा तिने मला इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले. माझ्या डोक्यावर सहा ओळींचा परवाना लिहिला : खुशाल वापरा, बदला, विका, मात्र माझे नाव आणि या ओळी काढू नका.

पुढे एका कंपनीतल्या प्रोग्रामरने मला उचलले. दवाखान्यात भेटीची तारीख देणारा प्रोग्राम त्याला बनवायचा होता. माणूस वाईट नव्हता, पण परवाना हा कोणी न वाचण्यासाठीच लिहितात, अशी त्याची ठाम समजूत. त्याने सहाच्या सहा ओळी छाटल्या आणि तिथे स्वतःचे नाव टाकले. आयत्या बिळावर नागोबा! दोन वर्षे मी राबलो आणि शाबासकी त्याने घेतली. मला फार वाईट वाटले, तरी एकही तारीख चुकवली नाही.

मग एका मोठ्या दवाखान्याने खरेदीआधी एक तपासनीस बाई पाठवल्या.

"यात दुसऱ्या कुणाचं काही घेतलंय?" त्यांनी विचारले.

"छे हो! ओळन्‌ओळ माझी," प्रोग्रामर म्हणाला.

बाई वाचत गेल्या आणि बाळाच्या दातांच्या टिपेवर थांबल्या.

"मग? आले का बाळाला दात?"

"कुणाच्या बाळाला? माझं तर लग्नही झालं नाही!"

पितळ उघडे पडले. मूळ परवाना दाखवा, नाहीतर व्यवहार रद्द, असे बाईंनी सांगितले. त्याची नोकरी टांगणीला लागली आणि मीही. मला उपटून फेकले, की सुटला तो! मी धास्तावलो.

घाम पुसत त्याने वाचनालयात फोन लावला. "ताई, चुकलं माझं. तुमचा प्रोग्राम काढून टाकतो."

"अहो, काढताय कशाला? वापरायलाच तर दिलाय," आई म्हणाली. "माझं नाव आणि त्या ओळी तेवढ्या परत लावा. आणि तुमच्या त्या बाईंना सांगा, दात कधीच आले. ते पडून आता दुसरेही आलेत!"

त्याच दुपारी सहा ओळी माझ्या डोक्यावर परतल्या. मित्रांनो, फुकट म्हणजे बेवारस नव्हे. मला जरूर न्या, हवे तिथे राबवा. फक्त त्या सहा ओळी आधी वाचा आणि तिथेच राहू द्या. त्यांत माझ्या आईचे नाव आहे.