आबांच्या बॅनरवरची बंदूक

पोरं मोबाइलवर खेळतात, ही तक्रार कोणत्या घरात नाही? तेलगावच्या विठ्ठलरावांच्या घरात मात्र तक्रार नव्हती, कौतुक होतं! विठ्ठलराव गावचे पुढारी, सगळ्यांचे आबा. यंदा त्यांच्या वाढदिवसाला मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेमची स्पर्धा ठरली. बॅनरचं डिझाइनही आलं. आबांच्या शेजारी अकरा वर्षांचा नातू आदिनाथ, हातात बंदूक आणि खाली ‘आबांचा वाघ’.

ते सून राजनंदिनीनेही पाहिलं. त्याच सकाळी चहा घेऊन आलेल्या आजीवर, छबुबाईंवर, बोट रोखून आदिनाथ ओरडला होता, "डोक्यात गोळी! आजी, मेलीस तू!" आणि विठ्ठलराव खो खो हसले होते.

आजवर तिने सासऱ्यांपुढे ब्र काढला नव्हता. आज ती भरल्या बैठकीत, कार्यकर्त्यांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, या बॅनरवर माझं लेकरू लागणार न्हाई."

"कावून? गेमच हाय तो. खेळू नये का पोरानं?"

"खेळू द्या की! पण दिवसभर माणसं मारून ते काय शिकतंय? उद्या कुणाशी भांडण झालं तर त्याला दुसरं काय सुचंल?"

"मंग काय, मोबाइलवर भजन शिकवू?" आबा म्हणाले. कार्यकर्ते हसले.

राजनंदिनी हटली नाही. तिने आपला मोबाइल सासऱ्यांच्या हातात ठेवला. "हा पुलाचा गेम. मधी नदी, फळ्या मोजक्या. भरलेला ट्रक पलीकडं घालवून दाखवा."

"हात्तिच्या!" म्हणत आबांनी पूल रचला. ट्रक नदीत. पुन्हा रचला. पुन्हा नदीत! आता कार्यकर्तेही मोबाइलवर वाकले. आदिनाथ हळूच आजोबांना खेटून बसला.

"आबा, खालून तिरका टेकू द्या. आपल्या गोठ्याला हाय तसा."

टेकू दिला आणि ट्रक पार झाला! "गेला बे, गेला!" आबा लहान पोरासारखे ओरडले.

दारात उभ्या छबुबाई म्हणाल्या, "अवो, सकाळधरनं या पोरानं मला चारदा मारलं. तुमी चारदा हसलात. आत्ता कुणीच मेलं न्हाई, तरी लई मजा आली की!"

विठ्ठलरावांची मान खाली गेली. बायकोकडे बघायची त्यांना लाज वाटली. त्यांनी बॅनरवाल्याला फोन लावला. "बंदूक काढ. वाघ काढ. पोरगं बी काढ. स्पर्धा पुलाची लिही!"

"आबा, गाव हसंल," एक कार्यकर्ता पुटपुटला.

"हसू दे. आधी ट्रक पार करून दाखव म्हणावं!"

वाढदिवसाला चौकात बॅनर लागलं. त्यावर आदिनाथ नव्हता. तो मंडपात पोरांना टेकू कुठे द्यायचा ते दाखवत होता, आणि राजनंदिनी पुढच्या रांगेत, पुरुषांच्या बरोबरीने खुर्ची टाकून बसली होती.

मंडळी, मोबाइल हिसकावून घेणं सोपं आहे. पोराच्या नेमबाजीवर टाळ्या पिटणं त्याहून सोपं. अवघड आहे ते त्याच्या शेजारी बसून, तो काय खेळतो ते पाहणं. बसा! आणि डोकं चालवणारा खेळ निवडा, डोकी उडवणारा नको!