टेम्पोच्या आडोशाला

सायकल शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या नातीनं, समीक्षानं, काकवीच्या बरणीत चमचा घातला आणि बरणी माझ्यापुढे सरकवली.

"आज्जे, फिरव बघू. आता दुप्पट वेगानं फिरव. रेटा वाढला का?"

"वाढला की."

"दुपटीच्या आसपास. घट्ट रसात असंच असतंय. हवेचं तसं न्हाई. सायकल दुप्पट पळवली की हवेचा रेटा चौपट. सावकाश गेलं तर वारा जाणवत न्हाई, अन् जोरात गेलं की सगळी ताकद त्यालाच ढकलण्यात जाती."

"मग सावकाशच जा की माय."

"अन् विभागीय स्पर्धेला कोण जाणार, तू?"

जिल्ह्यातून मुलींमधली एकच जाणार होती. बारावीचा अभ्यास सांभाळून पोरगी दोन वर्षं त्यासाठी राबत होती.

वाऱ्याचं मला पुस्तकाविना ठाऊक होतं. आमच्या खेड्यातून औशाच्या शाळेत चालत जाताना सुगीच्या दिवसांत वारा समोरून यायचा. आम्ही पोरी कडब्याच्या गाडीची वाट बघत थांबायचो. गाडीच्या पाठीला लागलं की वारा बंद, परकराचा घोळसुद्धा हलायचा नाही. गाडी शेताकडे वळली की तोंडावर धपाटा बसावा तसा वारा यायचा. त्या कडब्याचा गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे.

सकाळी लातुरातून औशाकडे शर्यत सुटायच्या जरा आधी समीक्षाच्या सायकलची साखळी उतरली. ती महेबूबभाईंनी बसवून दिली. त्यांचं सायकलचं दुकान आमच्याच गल्लीत. त्यांची मुलगी जेबाही शर्यतीत होती, आणि समीक्षाला मागे टाकील अशी ती एकटीच. पंचांनी कर्ण्यावरून दोनदा बजावलं होतं, की नातेवाइकांच्या गाड्या स्पर्धकांच्या मागेच राहतील.

माझ्या मुलानं, आनंदराजनं, अर्ध्या वाटेत आमचा टेम्पो दोघींच्याही पुढे घातला.

"अरे, मागं राहा म्हणलेत ना?"

"पंचाची जीप पोरांच्या शर्यतीसंगं गेली पुढं. आपण दिसलो की पोरीला हुरूप येईल."

मी मागे हौद्यात पोत्यावर, केबिनला पाठ लावून बसले होते. समोर दोघी स्वच्छ दिसत होत्या. वारा औशाकडून येत होता. हळूहळू समीक्षा टेम्पोच्या पाठीशी आली आणि तिचे पाय हलके झाले. कपाळावरची बट हलायची थांबली. मागे जेबा एकटी, हँडलवर वाकलेली, तोंड वासून वाऱ्याशी झगडत होती. दोघींमधलं अंतर वाढत गेलं. मला पुन्हा कडब्याचा वास आला.

समीक्षानं एक हात उचलून जोरानं बाजूला झाडला. पुन्हा झाडला.

"आई, काय म्हणती गं?" आनंदराजनं आरशात बघत विचारलं.

ती काय म्हणत होती ते मला कळलं होतं.

"खूश हाय," मी म्हणाले. "चल तू."

मग समीक्षा रस्त्याच्या डाव्या कडेला गेली. लगेच तिच्या गळ्यातल्या रुमालाची टोकं फडफडायला लागली, वेग मोडला, आणि जेबा जवळ यायला लागली. मी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

"डावीकडं घे रे, डावीकडं! अन् जरा हळू!"

टेम्पो पुन्हा तिच्यापुढे आला. तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. मी पोत्याची शिवण बघत बसले.

औशात समीक्षा पहिली आली. जेबा आली तेव्हा तिला धड उभं राहवत नव्हतं. शर्यत सुटायच्या आधीच औशाला येऊन थांबलेले महेबूबभाई तिला धरायच्या आधी आमच्या टेम्पोपाशी आले.

"माँजी, मुबारक हो! साखळी नीट चालली ना? मला सकाळपासून तीच फिकीर."

मी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी आपल्या हातातली पाण्याची बाटली मला दिली. "घ्या, ऊन लागलं असंल."

समीक्षानं कुणाचा हार घेतला नाही. ती सायकल ढकलत पंचांच्या मांडवात गेली. आनंदराज मागे धावला आणि मीही कशीबशी उतरून गेले.

"सर, माझं नाव काढा. आमचा टेम्पो माझ्यापुढं होता. मी आडोशानं आले."

"येडी झालीस का?" आनंदराज ओरडला. "तूच तर हात करून राहिली होतीस!"

"हटा म्हणून हात करून राहिले होते, बाबा. आज्जीला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. महेबूबभाईसुद्धा. बाटली अजून माझ्याच हातात होती.

"मला कळलं होतं," मी म्हणाले. "डावीकडं घे असं मीच सांगितलं."

पंचांनी समीक्षाचं नाव खोडलं. जेबा विभागीयला जाणार असं कर्ण्यावर पुकारलं, तेव्हा टाळ्या थोड्याच वाजल्या, कारण लोक माझ्याकडे बघत होते. मी पदर पुढे ओढून घेतला. महेबूबभाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

परत निघताना मी म्हणाले, "समू, सायकल टाक हौद्यात. दमलीस माय."

"मी जेबासंगं येते."

दोघी निघाल्या. आता वारा त्यांच्या पाठीवर होता. मी आनंदराजला टेम्पो मागे ठेवायला सांगितलं, अगदी लांब. लातूर येईपर्यंत दोघींच्या पाठी तेवढ्या दिसत राहिल्या. जेबानं एकदा वळून माझ्याकडे हात हलवला. उत्तर द्यायला मला हात उचलवला नाही.