कॅबेज हिलचा उतार

संगमरवराने माझी मती गुंग केली होती, हे आधीच कबूल करते. पेंडलटनला बघायला गेलो त्या पहिल्या विकाऊ मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, पायाखाली संगमरवर, ओट्यावर संगमरवर, न्हाणीघरात पितळी नळ. पंचवीस वर्षांची गाडी, पण नटलेली बघावी. मी एकेक वस्तू वर्णन करून सांगतेय, तर माझा नवरा हार्लन चाचपडत मागे जाऊन इंजिनावर तळहात ठेवून उभा.

"गरम आहे," तो म्हणाला. "आपण येणार म्हणून सकाळीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं, ते ऐकू द्यायचं नाहीये विकणाऱ्याला."

वर ते इंजिन तीनशे अश्वशक्तीचं, आणि उतारावर गाडी रोखायला धुराच्या नळीत एक झडप तेवढी. चढायला चालेल, उतरायला नाही, असं म्हणून त्याने निकाल लावून टाकला. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. याला संगमरवर दिसत नाही, मग याचं काय जातंय, असंही मनात आलं. नंतर माझीच मला लाज वाटली.

कारण हार्लनला खरंच दिसत नाही. तीस वर्षं ओंडक्यांचे ट्रक हाकले त्याने, आणि आता समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग दिसतो. म्हणजे गाडी घेतली तर चालवायची मी. आणि मी चार वर्षं मोठ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. आमच्या आधीच्या गाडीचे ब्रेक कॅबेज हिलच्या घाटात माझ्याच पायाखाली तापले, धूर निघाला, शेवटी ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी कडेला ठेवलेल्या खडीच्या ढिगात घुसवून थांबवली. तेव्हापासून उतार म्हटला की मी नकोच म्हणते. मुलीने, लॉरेटाने, आमच्यासाठी बॉइझी शहरात फ्लॅट बघून ठेवला होता. सोमवारी सही करा म्हणाली. मी हार्लनला शब्द दिला होता की एक उतार उतरून बघते. नाही जमलं तर सही करायची, आणि पुन्हा रस्त्याचं नाव काढायचं नाही.

दुसरी गाडी डोंगरावर, मीचमला. मालक डेलबर्ट टिलसन, बायको गेलेला म्हातारा. आत तपकिरी गालिचा, तोही कुत्र्याने ओरबाडलेला, आणि पडद्यांवर बदकं. माझं तोंड वाकडं झालं. पण डेलबर्टने आपणहून इंजिनाचं झाकण उघडलं आणि हात लावून बघा म्हणाला, कालपासून किल्ली फिरवलेली नाही. थंडगार होतं. चालू केलं तर एकदाच खोकलं आणि लागलं. ट्रकचंच इंजिन, साडेचारशे अश्वशक्तीचं, सहा गिअर आपोआप बदलणारे. हार्लनने मान तिरकी करून ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी पुढे बदकांबद्दल बोललेच नाही.

मी चालवायला बसले. शेजारी हार्लन, मागे सोफ्यावर डेलबर्ट. कॅबेज हिलचा माथा आला. खाली सहा मैलांचा उतार, त्याखाली गव्हाची शेतं, आणि माझ्या मागे वीस टनांचं धूड. माझा पाय ब्रेकवर खिळलेला.

"चौथा गिअर टाक," हार्लन म्हणाला. "इंजिन ब्रेकचा खटका पूर्ण खाली. आता पाय काढ."

"नाही काढणार."

"अगं, ब्रेक तिथेच आहे, कुठे पळून जातोय? काढ पाय."

मी जीव मुठीत धरून काढला. क्षणभर गाडी सुटली. आणि मग चाळीस फूट मागून एक घरघर उठली. जे इंजिन गाडी पुढे ढकलतं, तेच आता हवा कोंडून धरत तिला मागे ओढत होतं. काटा पस्तीस मैलांवर आला आणि तिथून हलेना. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. माझा पाय गालिच्यावर नुसता ठेवलेला, आणि वीस टन कुणीतरी खांद्यावर घेऊन अलगद खाली उतरवत होतं. अशी ताकद मी जन्मात पाहिली नव्हती. खडीचा तो ढीग बाजूने गेला तेव्हा मी रडत होते, आणि लपवायचं सुचलंही नाही.

पायथ्याशी गाडी थांबवली. ओंडके वाहणारे घाट उतरले की ब्रेक तापलेत का, ते आधी चाकांना हात लावून बघतात. हार्लन तसाच गाडीला धरून धरून सगळी चाकं फिरला. मग माझा हात पकडून पुढच्या चाकावर ठेवला. गार होतं. मी हात तसाच ठेवून उभी राहिले.

डेलबर्टने हार्लनला विचारलं, काय ठरवताय?

"मला काय विचारता? चालवणारी ती."

दोघंही माझ्याकडे वळले. मी डोळे पुसले आणि पुन्हा चढून बसले.

"आधी परत वर जाऊ," मी म्हटलं. "मला अजून एकदा उतरायचंय."