काळ्या चौकटीतली गोष्ट

मी एका पातळ, जुन्या पुस्तकाची उरलेली एकमेव प्रत आहे. ज्यांनी मला जन्म दिला, त्यांचा शेवटचा साधा दिवस मी त्यांच्याच टेबलावरून पाहिला.

मित्रांनो, त्या दिवशी पुसदच्या त्या लहानशा छापखान्यात विशेष काहीच घडलं नाही. मारोतीबाबा चष्मा कपाळावर चढवून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत होते. त्यांची मुलगी उर्वशी अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवते. ती सुट्टीला आली होती आणि आता परत निघाली होती. तिने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं.

"बाबा, ही शेवटची प्रत. तुमच्याजवळच असू द्या."

"वाचलं ना?"

"केव्हाच."

"मंग? भेव वाटलं का?"

"मांडणी फार वेगळी आहे, बाबा. एका ठिकाणी अनुस्वार राहिलाय."

"थो मी पाह्यतो. भेव वाटलं का, थे सांग."

"गाडी चुकेल माझी," ती हसत म्हणाली. "गोळ्या वेळेवर घेत जा."

"घेतो बाई. तू खिडकीची जागा पाह्यजो."

दुसऱ्या दिवशी छापखान्याचं शटर उघडलंच नाही. बाबा झोपेतच गेले होते.

माझा जन्म कापसाच्या वाईट वर्षांतला. पूर्वी वेचणी संपली की छापखान्यात लग्नपत्रिकांची गर्दी व्हायची. ती ओसरली. काळ्या चौकटीच्या पत्रिका मात्र वाढल्या; कधी तेरवीची, कधी पुण्यानुमोदनाची. मेलेल्याचं तरणं वय जुळवताना बाबांचा हात थबकायचा. कसा गेला, हे ते विचारायचे नाहीत. गिऱ्हाईकही सांगायचं नाही. "भाऊ, नाव तेवढं बरोबर टाका," एवढंच.

बाबांना भीतीच्या गोष्टींचा जुना नाद. त्या दिवसांत त्यांना एक गोष्ट सुचली. एका घराच्या भिंती रोज वीतभर आत सरकतात. घरातल्या सगळ्यांना ते दिसतं, पण कोणी काढत नाही तो विषय. खाट जराशी ओढून घेतात, रांजण कोपऱ्यातून उचलून मध्ये ठेवतात आणि जेवायला बसतात.

ही गोष्ट बाबांनी कागदावर लिहिलीच नाही, सरळ खिळ्यांत जुळवली. पत्रिकांसाठी वापरायच्या त्याच काळ्या पट्ट्यांची चौकट त्यांनी प्रत्येक पानाला घातली. पान उलटलं की चौकट आणखी आत. पुढे आडव्या ओळी मावेनात, तेव्हा त्यांनी त्या उभ्या लावल्या. तिथे मला फिरवून वाचावं लागतं. शेवटाकडचं माझं एक पान असं आहे:

खाट
जरा
इकडे
घे.

कोणी
काही
म्हणालं?

नाही.

त्यापुढच्या पानावर चौकट इतकी लहान आहे, की तिच्यात एक खिळाही मावत नाही.

माझी पानं शिवायला नंदाबाई आल्या. बाबांच्या छापखान्यात घडी आणि शिलाई त्यांच्याकडेच असे. गठ्ठा पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"अवो भाऊ, कोन गेलं?"

"कोनी नाही. गोष्टीचं पुस्तक हाय."

"अन् ह्या काळ्या रेघा?"

"थ्या भिंती हायत."

"माय वं! असं पुस्तक घरात कोन घेते? मी शिवतो, पन घरी जाऊन आंग धुतो."

बाबा पोट धरून हसले.

आमच्याकडे मरणाची चिठ्ठी घरात ठेवत नाहीत. वाचली की उंबऱ्याबाहेरच फाडून टाकतात. बाबांनी आयुष्यभर तशाच चिठ्ठ्या छापल्या, पण ते स्वतः असलं काही मानत नसत. म्हणून नंदाबाई बोलल्या तरी ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी माझ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या प्रती, पोस्टाने ओळखीच्यांना पाठवल्या. राजूरला, वणीला, उमरखेडला. पाकीट फोडलं की पहिलंच पान काळ्या चौकटीचं, आणि चौकटीत ठळक अक्षरांत लेखकाचं नाव: मारोती.

उमरखेडचे धरमसिंग, बाबांचे जिवलग दोस्त, मिळेल त्या गाडीने पुसदला आले. बाबा दारात चहा पीत बसलेले.

"मारोत्या! तू तं जित्ता हायेस बे!"

"मंग काय मरू? पुस्तक वाचलं का?"

"फाडून टाकलं ना! आंघोळ करून, उपाशी येऊन राह्यलो मी!"

दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसले. मित्र गेल्यावर मात्र बाबा बराच वेळ खिळ्यांकडे पाहत बसले. त्यांना एवढंच हवं होतं, की कोणीतरी शेवटपर्यंत वाचावं आणि भेव वाटलं म्हणून सांगावं. बाकीच्या बहिणीही अशाच फाडल्या गेल्या होत्या; मी एकटी उरले होते. बाबांनी मला उर्वशीकडे पाठवलं.

तिने मला भर दुपारी कॉलेजात वाचलं. मला गोल फिरवताना पाहून शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय मॅडम, पुस्तक धरता येत नाही होय?" उर्वशी हसली नाही. खाटेच्या पानावर तिचा अंगठा घामेजला; तिथली शाई आजही किंचित फिस्कटलेली आहे. तिने मला मिटलं आणि आपली खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढली. मग पेन्सिल घेऊन राहिलेल्या अनुस्वाराच्या जागी खूण केली.

भरपूर वाचलेल्या माणसांना 'मला भीती वाटली' म्हणायला जड का जातं, मला माहीत नाही.

बाबा गेल्यावर आठवडाभराने, एका दुपारी, उर्वशीने आणि नंदाबाईंनी छापखाना उघडला. अर्धी जुळलेली लग्नपत्रिका तशीच पडली होती. उर्वशीने मला उचललं. नंदाबाईंनी पहिलं पान पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"बाई, आता तं थे ठेवू नोको. आता नाव खरं झालं. बाहीर नेऊन फाड."

उर्वशीने माझं पहिलं पान चिमटीत धरलं. मी फार घाबरले.

मित्रांनो, पुस्तकांना वाळवीपासून जपा, कोपरे दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी एक मागते. वाचून जे वाटलं, ते लिहिणाऱ्याला सांगा. तो समोर बसलेला असतानाच सांगा. माझ्या बाबांनी किती वेळा विचारलं होतं!

उर्वशीने पान सोडलं. ती बाबांच्या स्टुलावर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. ओळी उभ्या झाल्या तेव्हा तिने मला फिरवलं. नंदाबाई दारात बसून ऐकत होत्या. शेवटच्या रिकाम्या चौकटीपाशी वाचायला काही उरलं नाही.

मग ती बाबांच्या बोलीत बोलली. अमरावतीला गेल्यापासून ती त्या बोलीत बोललीच नव्हती.

"बाबा, मले लय भेव वाटलं. वाचलं तवाच वाटलं."