तान्ह्याचे बाळसे

‘बाळसे’ हा शब्द आमच्या घरात माझ्या परवानगीने वापरला जातो. कपाशीने बाळसे धरले म्हणावे, माझ्या मोहनच्या दूधडेअरीने धरले म्हणावे, वासराबद्दलही खुशाल म्हणावे. तान्ह्या लेकराबद्दल मात्र तो शब्द तोंडातून काढायचा नाही. लेकरू भरू लागले की त्याला रोड म्हणायचे. नजर लागत नाही. हा दंडक सासूबाईंनी घातला आणि मी तो मोडू दिला नाही.

नातसून ऋतुजा बीड शहरात वाढलेली. पहिले बाळंतपण माहेरी उरकून ती लिंबागणेशला आली, तशी लेकरू पाहायला बायकांची रीघ लागली.

“अगं माय, किती वाळलंय!”

“निस्ती काडी झालीया,” माझी धाकटी जाऊ बायडाबाई त्याच्या मांडीच्या वळ्या कुरवाळत म्हणाली.

मी समाधानाने ऐकत होते.

एके दुपारी स्वयंपाकघरात दुधाच्या भुकटीचा डबा दिसला. शेजारी बाटली. ऋतुजाचे डोळे सुजलेले होते.

“हे काहून आणलं गं?”

“माझं दूध त्याला पुरत नाही, आजी. आजपासून अंगावरचं बंद करते.”

“कोण म्हणलं?”

“सगळ्याच म्हणतात. वजन वाढलंय, पण इतक्या जाणत्या बायका खोटं कशाला बोलतील?”

मी लेकराकडे पाहिले. मनगटाला दोरा करकचून बांधावा तशी घडी पडली होती. मी ऋतुजाला हाताला धरून ओसरीवर आणले. तिथे बायडाबाई, शेजारची भिवराबाई आणि बाकीच्या बायका बसल्याच होत्या.

“ऐक पोरी. ह्या समद्या खोटं बोलतेत, अन् मीच बोलायला लावते. पोरानं बाळसं धरलंय. तुझ्या दुधावर धरलंय.”

बायडाबाईने तोंडाला पदर लावला. “अक्का! काय बोलून बसलाव! भिवराबाई, मीठ-मिरच्या आणा लवकर!”

“आणा. धा येळा ओवाळा. पर तो डबा मोहनच्या चहाला ठेवा.”

“अन् मोहननं बाळसं धरलं तर?” बायडाबाईने विचारले.

“त्यानं कवाच धरलंय. त्याच्या पँटीला इचार.”

बायका हसल्या. ऋतुजा हसली नाही. लेकरू पदराखाली घेत ती हळूच म्हणाली, “आजी, पुन्हा एकदा म्हणा ना.”

तेवढ्यात ओवाळलेल्या मिरच्या निखाऱ्यावर पडल्या आणि सगळ्यांना सणसणीत ठसका लागला. नजर लागलेली असती तर मिरच्यांचा ठसका लागला नसता, असे म्हणतात. मी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटले, या वेळी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे.